तिसरी घागर

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण ते काही खरं नाही. अक्कल असते, फक्त तो तिला दाराबाहेर चपलांपाशी बसवून एकटाच आत जातो. देवपूरच्या गल्लीतलं ते घर पाहायला गेली तेव्हा सुलक्षणानेही तेच केलं. खोल्या दोनच, त्यातही मागच्या खोलीला ओल आलेली, मोरीचा नळ गळका. शहाण्या बाईने नाक मुरडलं असतं. सुलक्षणाने मात्र उंबऱ्याची उंची पाहिली, बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्याची पाटी दिसते का ते पाहिलं, आणि हात जोडून म्हणाली, "भाऊ, आम्हाला पसंत आहे."

तिचा नवरा कुंदन याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याला दोन वर्षं होत आली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातले तीन दिवस त्याला मशीनवर झोपवायचं. गाव शिरपूरच्याही वर, सातपुड्याच्या पायथ्याला. पहाटे पाचची गाडी पकडून धुळ्याला यायचं, चार तास रक्त धुऊन घ्यायचं आणि त्याच दिवशी हाडं खिळखिळी करत परत जायचं. संक्रांतीच्या सुमाराला तो शिरपूरच्या स्टँडवर फलाटावरच कोसळला. तेव्हा डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाई, मशीन याला जगवतंय आणि एसटी मारतेय. येता उन्हाळा प्रवासात निघायचा नाही."

मग धुळ्यात भाड्याची खोली घेतली. पहिल्या मालकाने कुंदनच्या हातावरची मशीनच्या सुयांनी फुगलेली शीर पाहिली आणि आठ दिवसांत मुलाचं लग्न काढलं. दुसरीकडे एकदा दारात अॅम्ब्युलन्स आली, तर घरमालकीण तोंडावर म्हणाली, "माझ्या घरातून तिरडी निघाली तर पुढे भाडेकरू कोण येईल?" तिसरी खोली महिनाअखेरपर्यंत होती. म्हणून गावाकडचं शेत विकून सुलक्षणा आता स्वतःच्या छपरासाठी देव पाण्यात घालून बसली होती. स्वतःच्या घरातून माणसाला कुणी बाहेर काढत नाही, एवढाच तिचा हिशोब होता.

घर विकणारे हितेंद्रभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून. मुलगा सुरतेला, त्याच्याकडे जायचं म्हणून घर काढलेलं. माणूस सरळ, बायको कमलबाई त्याहून सरळ. व्यवहार जमला आणि सुलक्षणा कागद घेऊन कोर्टासमोरच्या वकीलबाईंकडे गेली. ममता वाणी वयाने तिशीतल्या, पण कागद असा वाचायच्या की जणू त्यात खडे आहेत आणि निवडायचेत.

"घर यांच्या वडिलांचं. पुना तुकाराम यांचं," ममताबाई म्हणाल्या. "ते सात वर्षांपूर्वी गेले, आई त्यांच्याआधी. वडिलांनी मृत्युपत्र करून घर मुलाला दिलं. या मृत्युपत्राचं प्रोबेट झालंय?"

"म्हणजे काय ताई?"

"हे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने तपासून, शिक्का मारून सांगायचं, त्याला प्रोबेट म्हणतात. धुळ्यात त्याची सक्ती नाही, म्हणून इथे कुणी त्या भानगडीत पडत नाही. पण मी विचारते. कारण शिक्का नसेल आणि दुसरा वारस उद्या उभा राहून म्हणाला की मृत्युपत्र खोटं आहे, तर घर घेणारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. तेव्हा एक तर शिक्का हवा, नाही तर बाकी वारसांची संमती हवी."

"बाकी कुणी नाहीच म्हणतात ते."

ममताबाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. ते वारसांचं प्रतिज्ञापत्र होतं. मुलगा हितेंद्र. खाली मुलगी मोहिनी, आणि तिच्यापुढे 'अविवाहित असताना मयत.' त्याखाली दोन पंचांच्या सह्या.

"मृत्यूचा दाखला नाही. गावाकडे वारली, नोंद राहून गेली, असं म्हणतात," ममताबाई म्हणाल्या. "माझं यावर समाधान नाही. मी पेपरात जाहीर नोटीस देते. चौदा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर सोमवारी खरेदी करू. तोवर तुम्हीपण शेजारीपाजारी जरा कानोसा घ्या."

सुलक्षणाने मान हलवली आणि कानोसा काही घेतला नाही. विचारलं तर कळेल, कळलं तर घर जाईल, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

नोटिशीचा आठवा दिवस म्हणजे नेमकी आखाजी, अक्षय्य तृतीया. आखाजीला खान्देशातली लेक माहेरी जाते, झोके घेते, आमरस खाते. सुलक्षणाला माहेरचं बोलावणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांपूर्वीच्या आखाजीला भावाने मोठ्या प्रेमाने गाडी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी तो तिला शिरपूरच्या रजिस्ट्रार कचेरीत घेऊन गेला आणि तिने वडिलांच्या घराचं हक्कसोडपत्र सही करून दिलं. वर हसून म्हणाली होती, "भाऊचंच आहे सगळं, मला काय करायचंय?" भावाने भारीतली साडी घेतली. नंतर कुंदन आजारी पडला आणि महिनाभर राहू द्या म्हणून ती त्याच दारात गेली, तेव्हा भावजय म्हणाली, घर लहान पडतं. साडी अजून तिच्या पेटीत होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

हे कमलबाईंना कुठून तरी कळलं असावं. त्यांनी निरोप धाडला, "माहेर नसेल तर आमच्याकडे या. आठ दिवसांनी तुमचंच घर होणार आहे." कुंदनसाठी डॉक्टरांनी मोजून दिलेलं खाणं झाकून ठेवून सुलक्षणा गेली.

स्वयंपाकघरात पुरणाचा वास होता. भिंतीशी पाटावर नव्या मातीच्या घागरी भरून ठेवलेल्या, गळ्याला कच्चं सूत, तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबा. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने अशी घागर भरतात, म्हणजे वर त्यांना उन्हाळाभर पाणी मिळतं. काही घरांत सगळ्या पितरांची मिळून एकच असते. "आमच्यात ज्याची त्याची वेगळी," कमलबाई कौतुकाने म्हणाल्या. हितेंद्रभाऊ सोवळं नेसून निखाऱ्यांपुढे बसले, तुपात भिजवलेला घास हातात घेतला आणि नाव घेऊन निखाऱ्यावर ठेवला. आधी वडिलांचं नाव, मग आईचं. धूर वर गेला. त्यांनी हात जोडले आणि उठले.

सुलक्षणा बघतच राहिली. घागरी दोन होत्या.

अविवाहित मेलेली लेक. तिला सासर नाही, तिच्या नावाने दुसरीकडे कुठे घागर भरली जाणार नाही. ती याच घरात भरायला हवी होती. मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, पंच, सगळं खोटं असू शकतं, पण आखाजीला खान्देशातला माणूस मेलेल्याला तहानेलं ठेवत नाही. पुरणाची पोळी अर्धी ताटात ठेवून ती उठली.

बाहेर पडताना शेजारच्या ओट्यावर बेबाबाई बसलेली होती. ऐंशीच्या घरातली, गल्लीतली सगळ्यात जुनी. सुलक्षणाने न विचारता पुढे जायचं ठरवलं होतं. पाय आपोआप थांबले.

"आजी, यासनी बहीण मोहिनी कशामा गई वं?"

"गई?" बेबाबाईने तंबाखू थुंकली. "कोन म्हणे गई? जित्ती शे माय ती! सावद्याले शे. केळीना गाड्या भरनारा हिलाल, परजातना, त्यानासंगे पयी गई. बापनी तिना नावनी आंघोय करी, तैपाशी बठ्ठा मरनी म्हणतस. बापनी आंघोय करी म्हणीसन आंडेर मरस का?"

परजातीच्या माणसाबरोबर पळून गेलेल्या जित्या लेकीच्या नावाने बापाने मेल्याची आंघोळ केली होती, एवढं डोक्यात घेऊन सुलक्षणा खोलीवर आली तेव्हा कुंदन भिंतीला टेकून बसला होता. पायांवर सूज, ओठ कोरडे. दिवसभरात अर्धा लिटरच पाणी प्यायची परवानगी, तेही तो घोट घोट मोजत प्यायचा.

"घरनं पक्कं ना?" त्याने विचारलं.

"पक्कं शे. सोमवारे," ती म्हणाली.

त्या दोन दिवसांत तिच्या मनात जे काय चाललं ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. ती बाई खरोखरच मेलेली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाटलं. ओळख ना देख अशा बाईच्या मरणाची ती वाट पाहत होती, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. गप्प बसायचं, सोमवारी अंगठा उठवायचा, आत राहायला जायचं. पण मग ममताबाईंचं बोलणं आठवायचं. उद्या ती उभी राहिली तर? कोर्टाच्या पायऱ्या आणि मशीनचे दिवस, दोन्ही एका बाईने कसे सांभाळायचे? शेवटी तिला वाटलं, संमतीच तर पाहिजे. बाई जिवंत आहे तर सहीसुद्धा करू शकेल. बाया सह्या करतातच. आपण नाही का केली?

बुधवारी तिने पहिली जळगावची गाडी धरली. तिथून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत उभ्यानेच निघाली. नशिराबाद मागे पडलं, पुढे गाडी बदलली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. सावद्याला हिलालचं घर शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पत्र्याचं घर, अंगणात केळीच्या पानांचा ढीग, आणि त्यात बसून पानं निवडणारी एक पंचेचाळीसची बाई. कपाळ थेट हितेंद्रभाऊंचं.

"मोहिनीताई?"

"हां. तू कोन शे वं?"

"माले तुना भाऊनं घर लेनं शे."

मोहिनीच्या हातातलं पान खाली पडलं. तिने उठून पाट दिला, पाणी दिलं. मग सुलक्षणाने सगळं सांगितलं. मशीन, एसटी, भाड्याच्या खोल्या, मृत्युपत्र आणि प्रतिज्ञापत्रावरचा तो एक शब्दही. मोहिनी तो शब्द ऐकून रडली नाही. तिने वेगळंच विचारलं.

"आखाजीले मन्ही घागर भरस का तो?"

"नही."

"तू स्वता देखं?"

"देखं. दोनच व्हत्यात. बापनी आन मायनी."

मोहिनीने पदर तोंडाशी धरला. मग तो खाली घेतला. बाई हसत होती. "म्हणजे त्याना मनमा मी मरेल नही," ती म्हणाली.

"ताई, सही करशी का?"

"करसू. माले हिस्सा नको, पैसा नको. तुना धनीले छप्पर भेटो. पन त्यानी आठे येवाले पाहिजे. दारमा उभा ऱ्हाईसन मन्हं नाव लीसन म्हणाले पाहिजे, मोहिनी, सही कर. बस, तेवढंच. चोवीस वरीस व्हयनात, त्याना तोंडतून नाव आयकं नही."

सुलक्षणाला वाटलं, भावाने दारात येऊन नाव घ्यायचं, एवढंच ना! येताना गाडीत तिला बसायला जागा मिळाली आणि खूप दिवसांनी ती बसल्याबसल्या झोपली.

शुक्रवारी सकाळी ती देवपूरला गेली. कमलबाईंनी चहा ठेवला होता. सुलक्षणाने सावद्याचं नाव काढलं आणि हितेंद्रभाऊंचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला?"

"भाऊ, ती फुकट सही करते म्हणते. तुम्ही फक्त एकदा चला. मी येते सोबत. उद्या शेवटचा दिवस आहे नोटिशीचा."

"वडिलांना मरताना शब्द दिलाय मी. तिचं तोंड बघणार नाही, नाव घेणार नाही. माझ्यासाठी ती मेली."

"मग घागर का नाही भरली?"

उत्तर कमलबाईंनी दिलं, तेही तोंडाने नाही. त्यांनी सुलक्षणाचा हात धरून मागच्या खोलीत नेलं आणि माळ्याकडे बोट केलं. माळ्यावर सात घागरी ओळीने पालथ्या ठेवलेल्या होत्या. पाण्याचा एक थेंब न लागलेल्या, कोऱ्या.

"मामंजी गेले तेव्हापासून हेच घागरी भरतात," कमलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दर आखाजीला कुंभाराकडून तीन आणतात, आणि दोन भरतात."

हितेंद्रभाऊ मागोमाग आले. बायकोने आपलं गुपित उघडं केल्याचा राग, लाज, काय असेल ते सगळं एकदम उफाळून आलं. त्यांनी माळ्यावरून एक घागर ओढून काढली, मोरीत नेऊन नळाखाली धरली. नवी माती पाणी पिताना सूं सूं आवाज करत होती. भरलेली घागर त्यांनी पाटावर आदळली.

"घ्या, ही तिसरी! आता झालं तुमचं समाधान? कमल, निखारे आण."

"अहो, आज कुठे आखाजी आहे..."

"निखारे आण म्हणतो ना!"

निखारे आले. कालच्या पोळीचा तुकडा तुपात बुडवून ते पाटापुढे बसले. घास निखाऱ्याच्या वर धरला. तूप टपटप गळून चरचरत होतं. ओठ हलले, आणि नाव काही बाहेर पडलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. घास तसाच बोटांत.

सुलक्षणा समोर उभी होती. हे नाव निघालं तर त्यांच्यापुरती मोहिनी मेली, आपणही गप्प बसू, आणि घर आपलं. नाही निघालं तर महिनाअखेर, पाचची गाडी आणि शिरपूरचा फलाट. तिला कुंदनच्या पायांवरची सूज दिसत होती. तिच्या तोंडून गावाकडची बोली बाहेर पडली, आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"ल्या ना भाऊ! नाव ल्या! एकदाव ल्या, मी पाया पडस तुमना! मना मानूस मरी जाई! ल्या तिनं नाव!"

हितेंद्रभाऊंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. म्हातारा माणूस, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि त्या डोळ्यांत तिच्याविषयी भीती होती. तेव्हा तिला कळलं की आपण काय मागतो आहोत. ज्या बाईने पाट दिला, पाणी दिलं, तुझ्या धन्याला छप्पर मिळो म्हणाली, तिला मारून टाका म्हणून आपण तिच्या भावाच्या पाया पडतो आहोत. आपल्या भावाने निदान साडी तरी दिली होती.

तिने वाकून त्यांच्या बोटांतला घास काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. घास तिने ताटाच्या कडेला ठेवला.

हितेंद्रभाऊंनी सोग्याने तोंड पुसलं. "मला तिच्याकडे जाता येत नाही, आणि तिला मारताही येत नाही," ते म्हणाले. मग उंबऱ्याकडे बघत, कारकुनी आवाज परत आणत म्हणाले, "तुम्ही नका घेऊ घर. मी दुसरं गिऱ्हाईक बघतो. इतकी चौकशी न करणारं. कागद पुरे आहेत."

शनिवारी कुंदनला मशीनवर झोपवून सुलक्षणा ममताबाईंच्या ऑफिसात गेली. नोटिशीचं कात्रण टेबलावरच होतं, पाचपर्यंत मुदत.

"अभिनंदन, एकही हरकत नाही," ममताबाई म्हणाल्या.

"आहे. लिहून घ्या. पुना तुकाराम यांची मुलगी मोहिनी जिवंत आहे. सावद्याला राहते, नवऱ्याचं नाव हिलाल. मी तिच्या हातचं पाणी पिऊन आले."

ममताबाईंनी पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. "सुलक्षणाताई, तुम्हाला घर नको असेल तर नुसतं नाही म्हणा. हरकत नोंदवली की ते माझ्या फायलीत राहणार, सिटी सर्व्हेला अर्ज जाणार. मग बहिणीला विचारल्याशिवाय ते घर कुणालाच घेता येणार नाही. तुम्हालासुद्धा, पुढे कधी."

"म्हणूनच लिहा. नाही तर दुसरं कुणी येईल, आणि ती कागदावर मेलेलीच राहील."

"हरकत घेणाऱ्याचं नाव?"

"सुलक्षणा कुंदन पाटील."

"अहो, घर घेणाऱ्या तुम्हीच, आणि हरकतही तुमचीच?"

सुलक्षणाने सही केली. शिरपूरच्या कचेरीत केली होती तेवढीच सावकाश, पूर्ण नावाची. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

"आता राहायचं कुठे ताई तुम्ही?" ममताबाईंनी विचारलं.

"गावाला. खोलीचा महिना भरला. निघते मी. साडेबाराला त्यांचं मशीन सुटतं," ती म्हणाली, "एकची शिरपूर गाडी सापडली पाहिजे."